वळणावरचा मोर

एसटीचा थांबा रंगवायचं काम सरपंच धर्माजीनं सांगितलं, त्या दिवशी नाथाला जेवण गेलं नाही. काशीमीऱ्याच्या गॅरेजात बारा वर्षं तो ट्रक रंगवत होता. हात असा, की लांबचे ड्रायव्हरसुद्धा त्याच्यासाठी दोन दिवस खोळंबून बसायचे. दुःख एकच. आज काढलेला मोर उद्या इंदूरला निघून जायचा, तो परत काही दिसायचा नाही. बायको सुलू म्हणायची, "बारा वर्षं रंगवताय म्हणता, एखादं दाखवा तरी." दाखवणार काय, मागची धूळ?

आता ही भिंत मिळाली. ही कुठं जाणार नव्हती.

काशीगावला थांब्याची गरजही तशीच होती. ठाण्याची एसटी इथं थांबायचीच नाही. ड्रायव्हर म्हणायचे, थांबा दिसलाच नाही. भाजी विकणारी गोदूआत्या हात करून करून थकायची, आणि पाटीतली मेथी माना टाकायची. शेवटी गावानं श्रमदान करून वळणावर, रस्त्याला अगदी चिकटून, शेड बांधली.

धर्माजी म्हणाला, "नाथा, असा रंगव की लांबनं दिसला पायजे."

गाडी येते त्या बाजूची भिंत नाथानं धरली. मधोमध पिसारा फुलवलेला मोर, दोन्हीकडं कमळं. खाली जरा रिकामं वाटलं, तिथं पिवळे-काळे पट्टे मारले. कोपऱ्यांत दोन लाल दिवे काढले. दिव्यांच्या मध्ये गाडीचा नंबर टाकला. 'हॉर्न ओके प्लीज' कधी लिहिलं, ते त्याचं त्यालाही कळलं नाही. हात चालत होता, आणि मन मोरापाशी होतं.

सकाळी सगळा गाव बघायला लोटला. सुलूनं पदराच्या टोकानं मोराच्या पायाजवळचा चिखल तेवढा पुसला. नाथाला तेवढं पुरलं.

मग एसटी आली. ड्रायव्हरनं लांबूनच बघितलं, वळणावर ट्रक उभा आहे. बाजूनं गाडी काढून तो सुसाट निघून गेला.

"मेला साइड मारून गेला की," गोदूआत्या म्हणाली.

पाठोपाठ एक ट्रक आला, तो भिंतीमागं थांबला आणि हॉर्न देत बसला. "अरे भाई, आगे बढ़ाओ!" त्याच्या मागं आणखी दोन. दोन दिवस नुसती बोंबाबोंब. धर्माजीच्या म्हशीनं आवाजाला भिऊन पान्हा चोरला. तिसऱ्या सकाळी धर्माजी चुन्याची बादली घेऊनच थांब्यावर आला.

"तुला थांबा सांगितला, तू ट्रक उभा केलास."

"दिवे पुसतो सरपंच, नंबर पुसतो. मोर राहू द्या."

"मोर बघून म्हैस दूध देती व्हय?"

नाथाची मान खाली गेली. सुलू मात्र भिंतीला पाठ लावून उभी राहिली. म्हणाली, "आधी माझ्यावर फासा."

धर्माजी बादली हातात धरून घुटमळला, तेवढ्यात एसटी आली. त्या दिवशी समोरून ट्रकांची रांग लागलेली, साइड मारायला जागाच नाही. ड्रायव्हरनं ब्रेक दाबला. हॉर्न दिला. पुन्हा दिला. पुढचा ट्रक हलेना. शेवटी तो दात-ओठ खात खाली उतरला, आणि पुढच्या ड्रायव्हरची गचांडी धरायला भिंतीला वळसा घालून गेला.

पुढं बाकड्यावर चौदा माणसं बसलेली.

"ड्रायव्हर कुठाय याचा?"

गोदूआत्यानं पाटी उचलली. "तूच. चल, दार उघड."

त्याला उमज पडेपर्यंत चौदाच्या चौदा आत चढलेसुद्धा. ड्रायव्हर मागं आला. लाल दिव्यावर त्यानं नखानं टिकटिक केलं.

"च्यायला, काच वाटली मला. कोणी काढलंय हे?"

"यांनी," सुलू म्हणाली, आणि नाथाला दंडाला धरून पुढं केलं.

"आमच्या डेपोत सांगतो आता. बघायला तरी थांबतील लेकाचे."

एसटी गेली. धर्माजी जरा वेळ मोराकडं बघत राहिला, मग त्यानं बादली खाली ठेवली. त्यानं पलीकडच्या बाजूला बोट केलं.

"परतीच्या गाडीलाबी तिकडं शेड बांधायला पायजे. तिथं काय काढायचं म्हणतोस?"

नाथा डोकं खाजवायला लागला. सुलूला तेवढा धीर कुठला.

"फाटक काढतील," ती म्हणाली. "रेल्वेचं. बंद."