अण्णांची एकुलती एक चूक

आमच्या शेजारच्या सोपानअण्णांच्या हॉलमध्ये, लोक जिथे देवाची तसबीर लावतात तिथे, मटणाच्या कारखान्याचा नकाशा आहे. फ्रेम करून. दसऱ्याला त्याला झेंडूचा हार. आणि अण्णा माळकरी. अंड्याचा केकसुद्धा त्यांना चालत नाही.

अण्णा मूळचे चाकणकडचे शेतकरी, त्या कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. बकरं कुठून आत येतं, आकड्याला कुठे लागतं, डब्यात बंद होऊन कुठून बाहेर पडतं, हे ते पाहुण्यांना चहाबरोबर समजावतात. पाहुणा पोहे बाजूला सारतो. "भ्यायचं काय त्यात? आपन फकस्त रेघा मारल्या!"

"आन् आपली रेघ चुकत न्हाई, राव," हे दिवसातून चार वेळा. आमच्या सोसायटीचा जिना बोटभर तिरका आहे, हे त्यांनी बिल्डरला तोंडावर सांगितलं. मोजल्यावर खरं निघालं, त्यामुळे आता त्यांना कोणी आवरू शकत नाही.

कारखाना सध्या पाडतायत. जुना पॅकिंग हॉल तेवढा दुरुस्त करून जपणार आहेत. त्या कामाची आर्किटेक्ट मुलगी नकाशा उतरवून घ्यायला आली, तेव्हा मीही तिथेच होतो. तिने एका भिंतीवर बोट ठेवलं.

"अण्णा, सगळ्या खिडक्या उंचावर आणि ही एकच दोन फूट खाली. चुकलीये. मी दुरुस्तीत रांगेत घेते."

आता या पोरीची धडगत नाही, असं मला वाटलं.

"चुकली," अण्णा म्हणाले. "पन तिला हात लावू नगंस."

मी आ वासला. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. कामगारांनी बाहेर बघत बसू नये म्हणून खिडक्या उंच. शेवटच्या टेबलावर डब्यांना लेबलं लावणारी सुमन बुटकी. तिला टाचा उंचावूनही बाहेरचं काही दिसायचं नाही. ती भिंत नव्याने बांधायची निघाली, तेव्हा अण्णांनी कोणाला न विचारता एक खिडकी खाली ओढली. साहेबाची बोलणी खाल्ली. पुढे सुमनशी त्यांचं लग्न झालं. सुमनकाकूंना जाऊन आता दोन वर्षं होतील.

मुलीने आपल्या कागदावर खिडकी होती तिथेच रेखाटली.

"काकूंना माहीत होतं?" मी विचारलं.

"न्हाई. जन्मभर म्हनायची, एवढा हुशार मानूस आन् येक खिडकी चुकला! लई हसायची त्यावरनं." अण्णांनी चष्मा काढून पुसला. "मंग कशाला सांगू?"