सातवा सूर

गिटार अवघड असते, हे मला पटत नव्हतं. म्हणून तर भरल्या ताटावर सगळ्या सासरवाडीसमोर मी जाहीर केलं, की सासऱ्यांच्या सत्तरीला त्यांच्या आवडत्या गाण्याची सुरुवातीची धून वाजवून दाखवीन. अख्खं गाणं नव्हे, नुसती धून. ती तर लहान पोरंही गुणगुणतात! बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि ती घटाघटा पाणी प्यायली.

गिटार आली. पहिले सहा सूर चटकन बसले. सातव्यासाठी मात्र करंगळी अशा जागी न्यावी लागे, की ती माझीच आहे का, अशी शंका यावी. आवाज निघे तो गंजलेल्या बिजागरीचा. मग पुन्हा पहिल्यापासून. सहा सूर, कर्रर्र. सहा सूर, कर्रर्र.

खालच्या मजल्यावर दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना. एका संध्याकाळी ते हातमोज्यांसकट दारात उभे. कौतुक करायला आले असावेत, असं वाटून मी नम्रपणे म्हणालो, "अजून शिकतोय."

"ते कळलं," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही थांबलात की माझा हात थांबतो आणि पेशंट तोंड वासून बसतो. एकतर पुढचं वाजवा, नाहीतर मागचंही वाजवू नका."

ओशाळून मी त्यांना वाढदिवसाचं आमंत्रण दिलं. पण लागण पसरली होती. बायको कपड्यांच्या घड्या घालताना सहा सूर गुणगुणायची, अडायची आणि माझ्यावर डाफरायची. वरच्या काकू तेच गुणगुणत जिना उतरायच्या आणि मध्येच अडून पाऊल कुठे टाकायचं ते विसरायच्या.

वाढदिवसाला आमची खोली गच्च भरली, वरच्या काकूही आल्या होत्या. मी गिटार मांडीवर घेतली, तेव्हा मेहुणी कानात कुजबुजली, की सासूबाई गेल्यापासून बाबांनी हे गाणं लावलेलंच नाही. सासऱ्यांनी डोळे मिटले होते. मी सहा सूर वाजवले, करंगळी नेली आणि तार तटकन तुटली!

धरणी दुभंगेल तर बरं, असं मला झालं.

तेवढ्यात मागून घोगऱ्या आवाजात सातवा सूर आला. डॉक्टर! कित्येक दिवस घशात अडकलेला सूर त्यांनी मोकळा केला. आठवा बायकोने उचलला, नववा काकूंनी, आणि मग अख्खी खोली गाऊ लागली. कुणी इशारा केला नव्हता, कुणी बेसूर नव्हतं. शब्द सुरू झाले तसे सासरे मिटल्या डोळ्यांनीच गाऊ लागले. हा माणूस गातो, हे मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं. तुटकी गिटार तान्ह्या बाळासारखी धरून मी नुसता ऐकत राहिलो.

गाणं संपल्यावर सासऱ्यांनी डोळे पुसले आणि मला जवळ बोलावलं.

"जावईबापू, छान वाजवलंत," ते म्हणाले. "आणि वेळेवर थांबलात, हे तर फारच छान केलंत."