उल्लेख शून्य

हे कोणाला सांगू नये असं नोंदवहीच्या पहिल्याच पानावर लाल शाईने लिहिलेलं आहे, तरी सांगते: आमच्या कन्याशाळेतून दरवर्षी दहावीच्या सगळ्या मुली बाहेर पडतात, एक सोडून. त्या एकीला शाळेतच कायमचं ठेवून घेतात.

त्याला कारण आहे. फार वर्षांपूर्वी एकदा सगळीच्या सगळी तुकडी दाखले घेऊन निघून गेली आणि जूनमध्ये शाळा सापडेना. पोस्टमन तीन दिवस त्याच रस्त्यावर सायकल घेऊन फिरला. शिक्षक रोज यायचे, पाण्याच्या टाकीखाली बसून डबा खायचे आणि परत जायचे. शेवटी त्या तुकडीतल्या एका मुलीला तिच्या मामाच्या गावाहून आणून अंदाजाने उभं केलं, तेव्हा कुठे तिच्या मागे हळूहळू इमारत दिसायला लागली. एका मुलीच्या जिवावर शाळा एक वर्ष टिकते, असं तेव्हा लक्षात आलं आणि ठराव झाला. पाचवीच्या प्रवेशअर्जात सतरावं कलम तेच आहे. पालक सही करतात, कारण पाचवीत असताना दहावी फार लांब वाटते.

कोणाला ठेवायचं हे निरोप समारंभात ठरतं. प्रत्येकीने उभं राहून शाळेतल्या एकदोन आठवणी सांगायच्या. जिचं नाव आठवणींत सगळ्यांत कमी वेळा येतं, ती राहते. आठवण खरी हवी, ऐकून निदान एकीने मान डोलवायला हवी, आणि स्वतःचं नाव घेतलेलं धरत नाहीत. बरोबरी झाली तर चिठ्ठी टाकतात.

दोन वर्षांपूर्वी नोंदवहीवर कार्तिकी भालशंकर बसली होती. अक्षर चांगलं म्हणून कुलथे सरांनी, म्हणजे मुख्याध्यापकांनी, तिला बसवलं. नोंद ठेवणारीने सगळ्यांत शेवटी बोलायचं, एवढाच काय तो वेगळा नियम.

समारंभाआधी पंधरा दिवस वर्गात सौदे चालतात, तसे तेव्हाही चालले. तू माझी सहल सांग, मी तुझं नाटक सांगते. मधल्या सुट्टीत पेप्सीकोला फिरायचे. एकीने तर घरून डिंकाचे लाडू आणले आणि चौघींकडून आपलं नाव पक्कं करून घेतलं. कार्तिकीला असं काही मागता येत नसे. तिला बाकावर जरा सरक म्हणायचं असलं तरी ती दोनदा घसा साफ करायची. सानिका गुंजाळ पाच वर्षं तिच्या शेजारी बसत होती. शेवटच्या आठवड्यात धीर करून कार्तिकीने तिला विचारलं, ‘तू काय सांगणार आहेस गं?’

‘बघू. सुचेल ते.’

‘माझं काही...’

‘तुझं?’ सानिका हसली. ‘अगं येडे, तुझं तर कोणीही घेईल! सगळ्यांना भूमितीच्या वह्या कोण देतं? उगाच टेन्शन घेऊ नकोस. मला आधी वीणाचं घेऊ दे, ती माझं घेणार आहे.’

कार्तिकीला ते पटलं. वह्या तिने खरंच सगळ्यांना दिल्या होत्या.

समारंभ दुपारी दोनला सुरू झाला. चौतीस मुली होत्या. भिंतीवर पताका होत्या, टेबलावर वेफर्स आणि सामोसे झाकून ठेवले होते. कार्तिकी नावांपुढे रेघा मारत होती. सहलीत बसमध्ये कोण ओकलं, स्नेहसंमेलनात कोणाची दाढी गळून पडली, प्रयोगशाळेत कोणाच्या ओढणीला भोक पडलं, सगळं निघालं. मुली हसत होत्या आणि हसता हसता वहीकडे बघत होत्या. भूमितीच्या वह्यांची आठवण कोणी काढली नाही. ती दुसरी कोणीतरी काढेल असं सगळ्यांनाच वाटत होतं.

विसाव्या क्रमांकावर सानिका उठली. आधी तिने वीणाचं सांगितलं. मग ती थांबली, आणि तिचा आवाज जरा बदलला.

‘आणि सर, सातवीत प्रभातफेरीत मला चक्कर आली होती. सगळे पुढे निघून गेले. कोणीतरी मला रसवंतीच्या सावलीत बसवलं, आपल्या बाटलीतलं सगळं पाणी माझ्या डोक्यावर ओतलं आणि मला घरी सोडून मग एकटी शाळेत गेली. तिला छड्या बसल्या, उशीर झाला म्हणून. ते मी कधीच विसरणार नाही.’

सगळ्यांनी माना डोलावल्या. कार्तिकीने वहीत लिहिलं, ‘कोणीतरी’, आणि पुढे एक रेघ मारली.

कुलथे सर वाकून बघत होते. ‘हे कोण?’

‘ती म्हणाली तसं लिहिलं, सर.’

‘“कोणीतरी” हजेरीत आहे का? धरता येणार नाही. खोड ते.’ मग ते सानिकाकडे वळले. ‘नाव आठवतंय का, बाळ?’

सानिकाने डोळे मिटून आठवून पाहिलं. ‘नाही सर. डोळ्यांपुढे अंधारी आली होती ना.’

कार्तिकीने पट्टी लावून ते खोडलं.

चार वाजता तेहतीस जणींचं बोलून झालं. वहीत दोन नावांपुढे काही नव्हतं. एक कार्तिकीचं. दुसरं अश्लेषा घुगेचं. अश्लेषा बारा किलोमीटरवरून एसटीने यायची. गाडी उशिरा पोचायची म्हणून तिची प्रार्थना चुकायची, आणि चार दहाची परतीची गाडी गाठायची म्हणून शेवटचा तास चुकायचा. सहलीला ती कधी आली नव्हती. दाराजवळच्या बाकावर दप्तर मांडीवर घेऊन ती आताही घड्याळाकडे बघत होती. तिने आतापर्यंत वहीकडे एकदाही पाहिलं नव्हतं. पहिल्यांदा पाहिलं ते तेव्हा.

‘कार्तिकी, तुझं राहिलं,’ सर म्हणाले. ‘काही नसेल तर नाही म्हण. मग दोन चिठ्ठ्या करू.’

कार्तिकी उभी राहिली. तिने घसा साफ केला, एकदा, मग पुन्हा एकदा. नाही म्हटलं असतं तर निम्मी सुटका होती, हे तिला गणिताशिवायही कळत होतं. पण आठवण विचारल्यावर तिला आठवण येत होती, आणि आलेली आठवण नाही म्हणायची तिला सवय नव्हती.

‘वर्गाबाहेर आपल्या चपला असतात,’ ती म्हणाली. ‘मधल्या सुट्टीनंतर सगळ्या उलट्यासुलट्या पडतात. शाळा सुटल्यावर आपण बाहेर येतो तेव्हा त्या जोडीने लावलेल्या असतात. पाच वर्षं. ते अश्लेषा करते. गाडीला उशीर होत असला तरी.’

कोणी हसलं नाही. मग एकेक करून तेहतीस माना हलल्या. कोणाच्याच ते लक्षात आलं नव्हतं, पण चपला सरळ असायच्या हे सगळ्यांना आठवत होतं.

‘धरलं,’ सर म्हणाले. ‘नोंद कर.’

कार्तिकीने अश्लेषाच्या नावापुढे रेघ मारली. खाली लिहिलं, ‘भालशंकर कार्तिकी, उल्लेख शून्य’, आणि सही केली. अक्षर अजिबात हललेलं नाही. मी पाहिलंय.

सानिका बाकावरून अर्धवट उठली होती. ‘सर, थांबा ना! ते पाणी... ती कार्तिकीच असणार!’

‘असणार म्हणजे?’

‘दुसरं कोण असेल?’

‘तुझी पाळी होऊन गेली, बाळ,’ सर मायेने म्हणाले. ‘सामोसे गार होतायत.’

अश्लेषाला काहीतरी बोलायचं होतं. ती कार्तिकीच्या टेबलापर्यंत आली, पण चार सात झाले होते. ‘जाते गं,’ एवढंच म्हणाली. बाहेर जाऊन तिने खाली बसून भराभर चपला लावल्या, सगळ्या चौतीस जोड. तेहतीस मुली आपापली जोडी घालून गेल्या. एक अजून तिथेच आहे. ती कोणी हलवत नाही.

कार्तिकीताई आता घंटा देते, फळ्यावर सुविचार लिहिते आणि जूनमध्ये फाटकाशी उभी राहते. ठेवलेल्या मुलींचं वय वाढत नाही. ती माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी होती, आता माझ्याएवढीच आहे. तिची आई बुधवारी भेटायला येते आणि डबा परत नेताना ‘अभ्यास कर’ म्हणते. हे सगळं कार्तिकीताईने मला टाकीजवळ सांगितलं. कोणाला सांगू नकोस, असंही सांगितलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, ‘तुझं अक्षर चांगलं आहे.’

यंदा नोंदवहीवर मला बसवलंय. माझी शेजारीण काल म्हणाली, अगं, तुझं तर कोणीही घेईल. बाहेर पताका लावून झाल्या आहेत आणि सर हाक मारतायत, ‘ए वहीवाली, चल, सुरू करायचंय!’ त्यांनी नाव घेऊन बोलावलं असतं तरी ते धरलं नसतं, कारण सर आठवण सांगत नाहीत, नुसती हाक मारतात.