देवराजच्या एकवीस रेघा

बेटावरच्या प्लेन मान्येन गावात विमानतळ आहे, ऊस आहे आणि राधाकृष्ण आहेत. जग फक्त विमानतळाची दखल घेतं, हे राधाकृष्णांना मुळीच मान्य नव्हतं. कारखान्याच्या वजनकाट्यावर तीस वर्षं उसाच्या गाड्यांत लपवलेले दगड शोधून ते निवृत्त झाले होते आणि आता माणसांच्या मनांतले दगड शोधत. अंगात बाराही महिने काळा कोट. विचार करताना पाठीला टेकू हवा, हा त्यांचा शास्त्रीय सिद्धांत. घरी ते एकटेच, त्यामुळे त्यांना मागून पाहणारं कोणी नव्हतं.

ही केस ते रोज चहाला जात त्या घरी, शेजारच्या देवराजकडे घडली. देवराजने रम सोडली होती. गेल्या विसर्जनाला डोक्यावर गणपती घेऊन तो समुद्राऐवजी उसात शिरला होता. एकवीस दिवस कोरडे काढले तरच यंदा गणपती उचलायचा, अशी त्याच्या बायकोची, चंद्रकलेची अट होती. रोज संध्याकाळी ती स्वयंपाकघराच्या दारावर खडूने एक रेघ ओढी. घोट घेतला तर देवराजने सगळ्या रेघा पुसायच्या आणि पुन्हा एकपासून सुरुवात.

रेघा पुसल्या जात होत्या. आपण प्यायलो नाही, पुसलंही नाही, अशा शपथा देवराज घेत होता. तोंडाला वास येत नाही म्हणजे लवंग चघळली, असं चंद्रकलेचं म्हणणं.

राधाकृष्णांनी केस हाती घेतली आणि ते रोज एकदाऐवजी दोनदा यायला लागले. दाराला टेकून, चहा पीत त्यांनी संशयित काढले. आधी गिऱ्हाईक गमावलेला रमवाला. मग गणपती उचलायला टपलेला गजेंद्र. शेवटी एक पाल, जिची शेपटी त्यांना अवाजवी लांब वाटली. एव्हाना रेघा दुप्पट वेगाने नाहीशा होत होत्या.

“गुन्हेगार बिथरलाय,” ते समाधानाने म्हणाले.

एकविसावा दिवस उजाडला. दारावर एकच रेघ होती. देवराज मान खाली घालून म्हणाला, “गजेंद्रलाच उचलू दे.”

“गुन्हेगार या घरातलाच आहे,” राधाकृष्णांनी दाराला टेकून जाहीर केलं आणि रुबाबात पाठ फिरवली. आता दारावर एकही रेघ नव्हती.

“आयो! भाऊजी, थांबा तसेच,” चंद्रकला म्हणाली.

कोटाची पाठ तांदळाच्या पिठात लोळल्यासारखी दिसत होती. चंद्रकलेने नवऱ्याकडे पाहिलं. मग तिने खडू घेतला आणि एका दमात एकवीस रेघा ओढल्या.

देवराज गणपती उचलून थेट समुद्रातच गेला. चंद्रकलेने राधाकृष्णांसाठी स्टूल आणलं आणि दारावर त्यांच्या नावाने नवी ओळ सुरू केली: न टेकल्याच्या प्रत्येक दिवसाची एक रेघ.

त्या ओळीत अजून एकही रेघ टिकलेली नाही. ती कोण पुसतं, याचा तपास राधाकृष्ण त्याच दाराला टेकून करत आहेत.