डेप्युटेशनवरचा गुडघा

हिवाळेकाका माणसाची चौकशी करत नाहीत, अवयवांची करतात. "काय, डावा खांदा काय म्हणतोय?" असं ते भर बसस्टॉपवर विचारतात. आपण "मजेत" म्हणालो की म्हणतात, "तू असशील रे. मी त्याला विचारलं."

चेहरे त्यांच्या लक्षात राहत नाहीत, पाठी राहतात. दिल्लीतल्या आमच्या आर. के. पुरमच्या ब्लॉकमधले मिश्राजी समोरून आले तर काका त्यांना ओळखही दाखवत नाहीत. मिश्राजी पुढे गेले की मागून हाक येते, "अरे मिश्राजी! आज कमर को घसीटते हुए कहाँ ले जा रहे हो?"

काका एका मंत्रालयातून अंडर सेक्रेटरी म्हणून रिटायर झाले. स्वतःचं क्वार्टर सुटलं. पण मुलगी तन्वी सरकारी नोकरीतच, तिला याच कॉलनीत क्वार्टर मिळालं. तन्वीताई सदा दौऱ्यावर. काकांनी मग गाझियाबादला खेपा घालून कायरोप्रॅक्टिकचा, म्हणजे मणक्यांवर हातांनी करायच्या उपचारांचा, एक कोर्स केला. रविवारी चर्चमधून आले की दार उघडं. फी नाही. हॉलमधल्या दिवाणावर पालथं पडायचं, एक 'कट्' आवाज काढून घ्यायचा आणि काकांचा सिद्धांत ऐकायचा.

सिद्धांत असा : "दुखणं जिथं जाणवतं तिथलं ते नसतंच. तिथं ते डेप्युटेशनवर आलेलं असतं. त्याचं मूळ ऑफिस शोधा!" पायाला मुंग्या येणं म्हणजे कंबरेनं पाठवलेलं रिमाइंडर. मोबाइल बघून आखडलेली मान म्हणजे पेंडिंग फाइल. शेजारच्या चड्ढा आंटींचा गुडघा त्यांनी थेट कंबरेच्या खात्यात टाकला. आंटी वैतागून म्हणाल्या, "भाईसाहब, घुटना मेरा, और ट्रान्सफर आप कर रहे हो?" एक्स-रे काढला तर गुडघाच झिजलेला निघाला. काका जरासुद्धा वरमले नाहीत. "अच्छा," म्हणाले, "मग लोकल भरती दिसतेय."

या सगळ्याचा मला भयंकर संताप यायचा. रुग्णांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या आमच्या गटाचा मी पत्रकलेखक. गट म्हणजे आम्ही मोजकेच. त्यातले निम्मे व्हॉट्सअ‍ॅपवर फक्त अंगठा दाखवून पाठिंबा देतात. माझ्या लिखाणात पूर्णविराम अपवादानं येतो, बाकी सगळी उद्गारचिन्हं! काकांच्या निमित्तानं मी एक द्विभाषिक पत्रक काढलं : 'मान तुमची, झटका कुणाचा?' मानेला झटके देण्यात काय धोके असतात, हात बधिर झाला तर आधी डॉक्टरकडे का जायचं, हे सगळं त्यात होतं. 'अनोळखी हातात मान देऊ नका!' हे लाल अक्षरांत.

ते दाराखालून सरकवत होतो, तेवढ्यात दार उघडलं. मी ओणवा. काकांनी आधी माझी पाठ पाहिली, मग पत्रक.

"'शोषण' दोनदा आलंय. तिसरा परिच्छेद फार लांब. ठीक आहे, फाइलवर पुटअप कर, बघतो."

"काका, हे तुमच्याविरुद्ध आहे!"

"कळलं की. वाचता येतं मला. बस, चहा टाकतो."

विरोधकानं चहा विचारला तर काय करायचं, हे आमच्या शिबिरात कुणी शिकवलं नव्हतं. मी घेतला. बिस्किटंही घेतली. निषेध म्हणून चहात बुडवली नाहीत.

नंतरच्या शनिवारी सरोजिनी नगरच्या बाजारात पत्रकं वाटायला उभा राहिलो. एका खांद्याला पत्रकांनी ठासून भरलेली झोळी. गर्दी चांगली होती. मी पूर्ण ताकदीनं ओरडलो, "झटका बंद करो!" आणि जोर यावा म्हणून मान हिसडली.

ती तिथंच राहिली. उजवीकडे. पुढचं सगळं भाषण मी जनतेकडे पाठ करून एका पर्सवाल्याला दिलं. तो शांतपणे म्हणाला, "भैया, लेना है तो लो, भाषण मत दो."

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी सांगितलं, स्नायू आखडलाय, घाबरण्यासारखं काही नाही. मग विचारलं, "एका खांद्यावर एवढं वजन कसलं घेता?"

"जनजागृतीचं," मी म्हणालो.

घरी परतलो तर जिन्यात काका. "अरे क्रांतिकारका! मानेवर राष्ट्रपती राजवट?"

खरं सांगतो, त्या क्षणी त्यांनी हात पुढे केला असता तर मी पत्रकासकट मान त्यांच्या स्वाधीन केली असती. उभाही तसाच राहिलो होतो, जरा वाकून, सोयीचं पडेल असा. पण काकांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले. "हाताला मुंग्या? चक्कर? नाही ना? मग डॉक्टर सांगतील तसा शेक घे." आणि वर निघून गेले. माझा अपमान झाल्यासारखा मी तिथंच उभा. उजवीकडे बघत.

पुढच्या आठवड्यात मान सुटली. रविवारी त्यांच्या दारावर टाइप केलेला कागद दिसला : 'सर्व संबंधितांस कळवण्यात येते की झटक्याचे काम कायमचे बंद.' विजय! माझ्या आयुष्यातला पहिलाच. कागदासोबत सेल्फी घेतला, गटावर टाकला आणि उदार मनानं आत गेलो.

आत कुणी नव्हतं. दिवाणावरची चादर कडक इस्त्रीची. ब्लॉकभर बातमी पसरली होती, "अंकल अब कट् नहीं करते", आणि लोकांना तर 'कट्'च हवा होता. काका टेबलाशी बसले होते.

"बरं झालं आलास. एक क्लॅरिफिकेशन हवं होतं," ते म्हणाले. "झटका बंद, मान्य. पण पाठीवर नुसता हात ठेवला तर चालतो का? तुझ्या पत्रकात त्याबद्दल काही नाही."

"नुसता हात? त्यानं काय होणार, काका?"

"काही नाही. तुझी काकू गेली, त्याच्या आधीचं वर्षभर तिची पाठ दुखायची. आजारच तसला होता. औषधं चालू होती, पण रात्री मी पाठीवर हात ठेवला की झोपायची. दुखणं कमी व्हायचं नाही हं, डोळा लागायचा फक्त. मग ती गेली, आणि या हाताचं काय करायचं ते मला कळेना. रविवारी लोक यायला लागले, तेव्हा जरा..."

समोर बसून ते खरोखरच परवानगीची वाट बघत होते. माझी!

माझ्याकडे एरवी कशावरही घोषणा तयार असते. आज तिच्याऐवजी मी चपला काढल्या आणि दिवाणावर पालथा झालो.

"मी काही करणार नाहीये हं," काका घाईनं म्हणाले.

"नका करू," मी उशीत तोंड खुपसून म्हणालो. "हात ठेवून बसा तुम्ही."