जादा खुर्चीचं कारस्थान

पर्यटन खात्याचे मुख्य अधिकारी, यांस,

तुमच्या शहरातले वेटर लहान मुलांच्या अंगावर ओरडतात, आणि ते तुमच्या आशीर्वादाने ओरडतात. हा आरोप मी हवेत करत नाही. चार खानावळी, चार वेटर आणि आठ जादा खुर्च्या एवढा पुरावा माझ्याजवळ आहे. तुम्ही भिंतीवर हसऱ्या कुटुंबांची चित्रं लावून आम्हाला बोलावलंत, आणि आल्यावर माझ्या मुलांना संडासाच्या दारात बसवलंत. हे का, ते या पत्रात आहे. पत्र लांब आहे, पण तुम्हाला पगार वाचायचाच मिळतो.

आधी मी कोण ते सांगतो, म्हणजे हे केराच्या टोपलीत टाकताना हात जरा थरथरेल. नोकरीने मी वीजमीटर तपासनीस. पिंडाने गुप्तहेर. बावीस वर्षांत लोकांच्या जिन्याखाली, माळ्यावर आणि एकदा कोंबड्यांच्या खुराड्यात शिरून मी अशा चोऱ्या पकडल्या की खुद्द चोरांनाही त्यांची कल्पना नव्हती. त्यातल्या काही नंतर चोऱ्या नव्हत्याच असं निघालं, पण तो निकाल देणाऱ्याचा दोष. माझी नजर ससाण्याची, कान सशाचे, स्मरणशक्ती हत्तीची. इथपर्यंत वाचून बायकोने विचारलं की एवढं प्राणिसंग्रहालय आहे तर अक्कल कुणाची. बायको माझी सहायक आहे. नेमणूक मी केली, राजीनामा ती दर आठवड्याला देते. दहावीला मी दोनदा आपटलो, पुढचं सगळं स्वतः शिकलो. तेव्हा या पत्रातल्या चुका माझ्या स्वकष्टाच्या आहेत.

आता प्रकरण. मला दोन मुलं. थोरली नऊ वर्षांची, धाकटा सहा वर्षांचा. दोघांनाही शेंगदाणे, काजू, बदाम, अक्रोड, यातलं काही चालत नाही. चालत नाही म्हणजे आवडत नाही असं नव्हे. तीन वर्षांचा असताना धाकट्याने दुसऱ्याच्या हातातल्या बिस्किटाला नुसता ओठ लावला. दहा मिनिटांत डोळे सुजून मिटले, श्वास शिट्टीसारखा वाजू लागला, आणि डॉक्टरांनी मांडीत सुई खुपसली तेव्हा तो माघारी आला. तेव्हापासून बायकोच्या पर्समध्ये दोन इंजेक्शनं असतात, आणि आम्ही कुणाच्याही घरी, लग्नाला, सहलीला जेवलेलो नाही. या प्रवासाला ती एका अटीवर तयार झाली. एकदा जरी काही झालं तर पहिल्या विमानाने परत, आणि मुलं मिसरूड फुटण्याएवढी होईपर्यंत पुन्हा नाव काढायचं नाही. मुलीला मिसरूड फुटत नाही हे मी दाखवून दिलं. ती म्हणाली, तेच म्हणतेय मी.

तेव्हा मी तयारी केली. तुमची भाषा आम्हाला येत नाही, म्हणून एका भाषांतर करणाऱ्या मास्तरांकडून दोन कार्डं लिहून घेतली. एक मुलांचं: यांना यातला कणही चालत नाही, जीव जाईल, भांडं आणि हात धुऊन मगच जेवण करा. दुसरं माझ्या आईचं, कारण आईही सोबत होती. तिचे गुडघे गेलेत, एक कान बंद आहे, आणि ती हरवली तर स्वतः काही सांगण्याऐवजी समोरच्याचीच चौकशी करत बसते. दोन्ही कार्डं पिवळी, एकाच मापाची, प्लॅस्टिकच्या कव्हरात. मास्तर मागच्या बाजूला मराठीत मजकूर छापणार होते. मी छापू दिला नाही. गुप्तहेर आपल्या भाषेत पुरावा मागे ठेवत नसतो. बायको म्हणाली, निदान कोपऱ्यात पेनाने एक खूण तरी करा. मी म्हणालो, खूण म्हणजे शत्रूला दिलेली मदत. शत्रू कोण, असं तिने विचारलं. तो तपासाचा भाग आहे, असं मी सांगितलं.

पहिल्या दिवशी मी एक कार्ड आईच्या गळ्यात अडकवलं आणि दुसरं खिशात ठेवलं. आई बाहेरचं काही खात नाही, घरून आणलेल्या डब्यांवर असते. ती हॉटेलसमोरच्या बागेत बाकावर बसली आणि आम्ही चौघं जेवायला गेलो.

मी वेटरला कार्ड दिलं, दोन्ही मुलांकडे बोट दाखवलं, आणि चेहरा गंभीर केला. वेटरने कार्ड वाचलं. मुलांकडे पाहिलं. पुन्हा वाचलं. मग आम्हाला खिडकीजवळून उठवून संडासाला चिकटून असलेल्या टेबलावर नेलं. कुठूनतरी हातांच्या दोन मोठ्या खुर्च्या आणल्या, त्यांवर उशा ठेवल्या, आणि धाकट्याच्या कानाशी तोंड नेऊन एकेक शब्द सुटा करत असा ओरडला की पलीकडच्या टेबलावर चमचा पडला. मग जेवण आलं. उकडलेला बटाटा, कुस्करलेला. भात, कुस्करलेला. गाजर होतं असं रंगावरून वाटलं. मिठाचा पत्ता नाही.

दुसऱ्या खानावळीत तेच. संडास, खुर्च्या, उशा, आरडाओरडा, लगदा. तिसऱ्या ठिकाणच्या वेटरने तर थोरलीला दंडाला धरून खुर्चीपर्यंत चालवत नेलं, पावलागणिक थांबत. ती शाळेच्या धावण्याच्या शर्यतीत पहिली येते. चौथ्या ठिकाणी दोघांच्या मांडीवर घोंगडी टाकली.

साहेब, एकदा घडलं तर योगायोग, चारदा घडलं तर टोळी. हॉटेलच्या खोलीत मी सहायकासमोर निष्कर्ष मांडले. ओरडणं हा स्वयंपाकघराला इशारा. संडासाचं टेबल, कारण तिथे साक्षीदार फार वेळ थांबत नाहीत. हातांच्या खुर्च्या, कारण त्यांतून मूल चटकन उठू शकत नाही. आणि लगदा, कारण कुस्करलेल्या पदार्थात काय घातलंय ते कळत नाही. पुरावा ठेचून नष्ट करणं ही गुन्हेगारीतली जुनी रीत आहे. बायको सगळं ऐकून म्हणाली की बाकीचं सोडा, लगद्याचं मात्र तिला पटतं. घरी ती मुलांच्या ताटातलं शीत न् शीत बघते. इथे बघण्यासारखं काही उरतच नव्हतं. निव्वळ त्या कार्डाच्या भरवशावर ती मुलांना घास घेऊ देत होती. तेवढ्यात धाकट्याने जाहीर केलं की तिसऱ्या खानावळीतला तपकिरी रस्सा झकास होता, त्याने दोनदा मागून घेतला. बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी कार्ड खिशातून काढून दाखवलं. 

इकडे आईचं वेगळंच प्रकरण सुरू झालं होतं. तिची तक्रार अशी की बागेत बाकावर कुणी शेजारी बसत नाही. एक बाई पुडीतलं काही खात बसली होती, तिने आईच्या गळ्यातलं कार्ड वाचलं, पुडी बंद केली, हात झटकले आणि पळाली. बागेच्या रखवालदाराने सगळ्या म्हाताऱ्यांना एकेक वडी दिली, आईलाही दिली, मग कार्ड वाचून तिच्या हातातून काढून घेतली आणि तिचा हात ओल्या फडक्याने पुसला. आणि जो कुणी कार्ड वाचतो, तो आधी तिच्या पाठीमागे बघतो, मग वाकून बाकाखाली बघतो.

"बाकाखाली काय आहे म्हणून मीही वाकून बघितलं," आई म्हणाली, "तर परत उठताच येईना. मी काय साथीचा रोग आहे का रे?"

हा धागा मी तत्काळ पकडला. वाकून बघतात म्हणजे त्यांना वाटतं आई काहीतरी लपवतेय. म्हणजे इथे म्हाताऱ्यांच्या आडून मालाची ने-आण चालते. मी दोन स्वतंत्र प्रकरणं उघडली, एक विषप्रयोगाचं आणि एक तस्करीचं, आणि दोन्हींत संबंध नाही असा स्पष्ट शेरा मारला. तो शेरा माझ्या वहीत अजून आहे. बायकोने त्याखाली तारीख टाकून ठेवली आहे, कशासाठी ते सांगत नाही.

चौथ्या दिवशी आईचे डबे संपले, म्हणून तीही आमच्याबरोबर आली. गल्लीच्या टोकाला एक छोटी खानावळ, चारच टेबलं, स्वयंपाक आणि वाढणं एकाच बाईकडे. दंड माझ्या मांडीएवढे. मी ठरवलं होतं की आज सापळा लावायचा. कार्ड दिलं, मुलांकडे बोट दाखवलं, आणि बाई आत जाताच दबक्या पावलांनी तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात शिरलो. बाई पातेल्यात चमचा फिरवत होती. मी तिला नजरेने खिळवून ठेवलं. तिने माझ्या हातात कांदा दिला आणि सुरीकडे बोट केलं. अर्धा कांदा चिरून मी डोळे पुसत बाहेर आलो. बायकोला वाटलं मला पश्चात्ताप झाला.

बाई ताटं घेऊन आली. तोच लगदा, वर कसलीतरी भुरभुरलेली पूड. ताटं टेबलावर ठेवून ती धाकट्यापुढे चक्क खाली बसली आणि गरम फडक्याने त्याचे गुडघे शेकू लागली. धाकटा गुदगुल्यांनी वळवळत होता. ती त्याच्या कानात ओरडून काहीतरी प्रेमाचं सांगत होती. मी वहीत लिहिलं, मुलाला बेशुद्ध करण्याची नवी पद्धत. बायकोने चमचा खाली ठेवला आणि म्हणाली, बस झालं, उद्याची तिकिटं बघा. चार दिवसांत पाच वेळा मुलांचं नीट जेवण नाही, हे लोक काय करतायत ते कळत नाही, आणि कळत नसताना ती मुलांना एक घासही देणार नाही.

थोरलीने तेवढ्यात टेबलावरचं कार्ड उचललं. चार दिवसांत ते पहिल्यांदाच माझ्याखेरीज आमच्यातल्या कुणाच्या हातात पडलं होतं. अक्षरं तुमची, आम्हाला परकी. पण आकडे सगळीकडे तेच.

"बाबा," ती म्हणाली, "मी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे का?"

मी म्हणालो, मध्ये बोलू नकोस, तपास चाललाय.

"मग इथे अठ्ठ्याहत्तर कुणाचे?"

आईने शालीच्या आतून मान वर केली. तिला एका कानाने ऐकू येत नाही, पण आपलं वय निघालं की दोन्ही कान चालतात. ती म्हणाली, मला पुढच्या महिन्यात पूर्ण होतील, आत्ता कोण म्हणालं. बायको उठली, आईची शाल बाजूला केली, आणि गळ्यातलं कार्ड उलटं-सुलटं करून बघितलं. त्यावर दोन आकडे होते. नऊ आणि सहा.

ससाणा, ससा आणि हत्ती तिघेही गप्प.

म्हणजे चार दिवस मी प्रत्येक वेटरच्या हातात हे दिलं होतं: वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे गेलेले, जोरात आणि सावकाश बोला, हातांची खुर्ची द्या, जेवण मऊ आणि अळणी द्या, संडासाजवळ बसवा. आणि बागेतले बिचारे लोक बाकाखाली दोन मुलं शोधत होते.

बायकोने आईच्या गळ्यातलं कार्ड काढलं, खानावळवाल्या बाईला दिलं आणि मुलांकडे बोट दाखवलं. बाईने ते वाचलं. तिचा रंग उतरला. तिने दोन्ही ताटं मुलांच्या पुढून उचलली, बाहेर नेऊन ओतली, टेबल दोनदा पुसलं, कोपरापर्यंत हात धुतले आणि नव्या पातेल्यात पहिल्यापासून स्वयंपाक केला.  आईला खुर्ची मिळाली, उशी मिळाली, लगदा मिळाला, आणि कानात ओरडा मिळाला. दोन घास खाऊन आई म्हणाली, यापेक्षा तो बाक बरा होता.

 हॉटेलवर परतल्यावर बायकोने मुलांच्या कार्डावर मोठ्ठी फुली मारून ते स्वतःच्या पर्समध्ये टाकलं, इंजेक्शनांशेजारी. तिकिटं अजून काढलेली नाहीत. तिने फक्त एवढं विचारलं की त्या आधीच्या चार खानावळींतल्या ताटांत काय होतं.

तेव्हा साहेब, वेटरांवरचा खुनाचा आरोप मी मागे घेतो. चूक माझी, मान्य. पण एक आरोप राहतो, तो मागे घेणार नाही. चार वेटरांनी ते कार्ड वाचलं. समोर एक नऊ वर्षांची पोर, आणि एक सहा वर्षांचा, पुढचे दात पडलेला. चौघांनी कागदाकडे पाहिलं, पोरांकडे पाहिलं, आणि कागद खरा धरला. हातांनी, खुणांनी, कपाळाला आठ्या घालून, कसंही विचारता आलं असतं. एकानेही विचारलं नाही. हे तुम्ही त्यांना शिकवता का?

काल मी एकटाच तिसऱ्या खानावळीत गेलो. वेटरने मला ओळखलं, लगबगीने हातांची खुर्ची आणली आणि मुलांना शोधायला माझ्या मागे बघू लागला. मी उभाच राहिलो. मला जे विचारायचं होतं त्याचं कार्ड माझ्याकडे नव्हतं. पातेल्याकडे बोट केलं तर त्याने वाटी भरून दिली.

ती वाटी मी बघितली, हुंगली, चाखली. काही कळलं नाही. आमचे अजून तीन दिवस उरलेत आणि बायको दोन्ही मुलांचे ओठ दर तासाला बघते. म्हणून तुम्हाला विचारतो, आणि लेखी विचारतो. त्या तपकिरी रश्श्यात काय होतं? उत्तर द्या.