कोच हाउगनची उसनी टीम

"पुढच्या मोसमात आपली टीम अशी उभी करतो की लोक तिकिटं काढून मॅच बघायला येतील," कोच लोवेल हाउगनने एप्रिलातल्या एका सकाळी बायकोला सांगितलं.

मर्ना टोस्टला लोणी लावत होती. "आता कसे येतात?"

"आता फुकट येतात."

"फुकट तरी कुठे येतात," मर्ना म्हणाली.

बोलणं कडू असलं तरी खोटं नव्हतं. मिनेसोटाच्या पार उत्तरेला, जिथे एप्रिलातही गोठलेल्या तळ्यावरून गाडी नेता येते, तिथलं सेंट एरिक हे चिमुकलं कॉलेज. त्याच्या बास्केटबॉल टीमने सरल्या मोसमात दोन सामने जिंकले होते आणि त्यातला एक समोरच्यांची बस बर्फात रुतली म्हणून. मोसम संपला आणि पोरं पळू लागली. हल्ली पळायला कष्ट पडत नाहीत. फोनवर एक बटण दाबलं की पोराचं नाव देशभरच्या बाजारात जातं आणि मोठी कॉलेजं भेंडी मोडून बघावी तशी एकेकाला बघून उचलतात. ज्याला लोवेलने डाव्या हाताने चेंडू टाकायला शिकवलं तो आधी गेला. मग जुळे भाऊ गेले, एक पूर्वेला आणि एक पश्चिमेला. राखीव पोरांनाही कोणीतरी नेलं, हे लोवेलला जास्त लागलं. शेवटी उरला एकटा कॅप्टन बेनी आणि तोही कुबड्यांवर होता म्हणून.

कॉलेजच्या अध्यक्षबाईंनी लोवेलला बोलावून गोड आवाजात सांगितलं होतं, "मेपर्यंत टीम दिसली नाही तर टीम बंद. जिम मी गायनवृंदाला देऊन टाकते. त्यांना तालमीला जागा पुरत नाही."

गायनवृंद हे लोवेलचं जुनं दुखणं. वृंद नॉर्वेला जाऊन गाऊन यायचा, पेपरात फोटो यायचे, आणि इकडे जिमच्या गळक्या छपराखाली बादली ठेवून मॅच व्हायची. त्याची तीस वर्षं त्या बादलीभोवती गेली होती. जिम गेली तर आपण सकाळी उठून कुठे जायचं, हे त्याला खरोखरच माहीत नव्हतं.

त्याची सगळी मदार एका पोरावर होती. एमरी क्विस्ट. नॉर्थ डाकोटातल्या एका आडबाजूच्या शेतावरचा, सात फुटांना जेमतेम इंचभर कमी. त्या रस्त्यावर मोठ्या कॉलेजांचे कोच फिरकत नसत. लोवेल दोन हिवाळे फिरकला. वादळात गेला, गाडी खड्ड्यात घालून गेला, एकदा तर तापात गेला. एमरी दर वेळी "हो सर" आणि "नाही सर" म्हणायचा, त्यात "हो सर" जास्त असायचं. हा आला की त्याच्या नावावर बाकीची चार पोरं गोळा करता येतील, असा लोवेलचा हिशेब होता.

मर्नाशी हे बोलणं झालं त्याच दिवशी एमरीच्या आईचा, डेलोरिसबाईंचा फोन आला. "आम्ही शनिवारी येतो. चार वर्षं ज्यांच्यात राहायचंय ती पोरं मला बघायचीत. सगळ्या टीमबरोबर एकदा जेवू."

"अवश्य या," लोवेल म्हणाला आणि फोन ठेवून भिंतीकडे बघत बसला.

"टीम म्हणजे बेनी," मर्नाने आठवण करून दिली.

"उंच पोरं हवीत. नुसती उंच." लोवेल हळूहळू उठला. "या कॉलेजात उंच पोरं आता एकाच ठिकाणी उरलीत."

"लोवेल, नको," मर्ना म्हणाली. पण त्याने कोट घातलाही होता.

गायनवृंदाचे प्रमुख रोल्फ ट्वेट. जूनपर्यंत घरातही गळ्याला मफलर गुंडाळणारा माणूस. गाडी लावायच्या जागेवरून दोघांचं बिनसलं होतं, त्याला बरीच वर्षं झाली होती.

"तुझी पोरं शनिवारी दे," लोवेल म्हणाला.

"काय करायचं त्यांनी?"

"उभं राहायचं, जेवायचं आणि बास्केटबॉलवाले दिसायचं."

ट्वेटने लोवेलच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. माणूस बुडतोय हे कुणालाही कळलं असतं. "ओरडायचं नाही," तो म्हणाला. "गार हवेत तोंड उघडं टाकून पळायचं नाही. मफलर काढायचे नाहीत. आणि मी सोबत येणार. यंदा माझे खर्जातले तिघे पदवी घेऊन चाललेत. राहिलेल्यांचे गळे तुझ्या भरवशावर सोडणार नाही."

"तू कोण म्हणून येणार?"

"तुझा असिस्टंट."

शनिवारी जिममध्ये आठ गवयी टीमचे जुने बनियन घालून, वर मफलर गुंडाळून उभे राहिले. कडेला कुबड्या घेऊन बेनी. बाकावर जाडजूड कोटातल्या डेलोरिसबाई आणि त्यांच्या शेजारी छपरातला दिवा बदलायला आल्यासारखा एमरी.

लोवेलने शिट्टी वाजवली.

"काळी पाच," एक पोरगा शिट्टीचा सूर ओळखून पुटपुटला.

"किंचित उतरलीय," दुसरा म्हणाला.

लोवेलने चेंडू फेकला. ज्याच्याकडे फेकला तो अत्यंत सभ्यपणे बाजूला सरकला आणि त्याने चेंडूला वाट करून दिली. दुसरा चेंडू एकाच्या नाकावर बसला. ट्वेटने नुसता हात वर केला आणि आठही जण जागच्या जागी थांबले, एक तर एका पायावर.

"शिस्त," लोवेलने घाम पुसत सांगितलं.

"शिस्त दिसतेय," डेलोरिसबाई म्हणाल्या. "आणि तो बाजूला झाला, तो काय खेळतो?"

"बचाव."

"कोणाचा?"

"स्वतःचा," बेनी कुबडीआडून बोलला.

लोवेलने ताबडतोब सगळ्यांना जेवायला घरी नेलं. टेबलाला पत्ते खेळायची दोन टेबलं जोडून मर्नाने सगळ्यांची सोय केली होती. खिम्यावर बटाट्याचा थर लावून भाजलेल्या हॉटडिशचा मोठा ट्रे, लेफ्सेच्या, म्हणजे बटाट्याच्या नॉर्वेजियन पोळ्यांच्या, घड्या आणि हिरवी जेली. इथवर निभावलं, लोवेलच्या मनात आलं. आता फक्त खायचं होतं आणि खाणं गवयांनाही येतं.

"प्रार्थना कोण म्हणणार?" डेलोरिसबाईंनी विचारलं.

लोवेलला वाटलं, देवच पावला. "आमच्याकडे सगळं एकत्र असतं," तो छाती काढून म्हणाला. "म्हणा रे पोरांनो."

मर्नाने टेबलाखालून त्याला लाथ मारली. पण उशीर झाला होता. लूथरच्या पंथातल्या त्या गवयांना जेवणाआधीची प्रार्थना एकाच तऱ्हेने येत होती. कोणीतरी ओठ मिटून सूर दिला, आठ जणांनी एकदम श्वास घेतला आणि लोवेलच्या जेवणघरात चार वेगवेगळ्या आवाजांत, एकमेकांत गुंफलेलं गाणं उभं राहिलं. दिव्याची काच झणझणली. शेजाऱ्यांचा कुत्रा भुंकायचा थांबला. आपलं सगळं संपलं हे लोवेलला पहिल्याच ओळीत कळलं, आणि तरी ते ऐकावंसं वाटत होतं, याचा त्याला फार राग आला.

दुसऱ्या ओळीला त्या सगळ्यांच्या खालून एक आवाज आला. इतका खालून की तो आधी टेबलात जाणवला आणि मग कानाला आला. ट्रेमधला डाव थरथरला. पोरं गाता गाता वळून बघू लागली. एमरी डोळे मिटून, हात मांडीवर ठेवून गात होता.

आमेन झालं. कोणी काटा उचलला नाही. ट्वेटचा तो चेहरा लोवेलच्या ओळखीचा होता. एखाद्या दुकानात साडेसहा फुटी पोरगं दिसलं की त्याचा स्वतःचा चेहरा असाच होत असे.

डेलोरिसबाईंनी रुमालाने डोळे टिपले. "याचे वडील गेल्यापासून हा गायला नव्हता. चर्चमध्येसुद्धा नुसता उभा राहतो." मग त्या लोवेलकडे वळल्या. "कोच, ही टीम नाही ना?"

"नाही," लोवेल म्हणाला.

"मला जिममध्येच वाटलं होतं. पण तुम्ही एवढी खटपट केलीत, तर मध्येच कसं बोलायचं?"

आता लपवायला काही उरलं नव्हतं. लोवेल टेबलावरून पुढे झुकला. "एमरी, खरं सांगतो, माझ्याकडे एकच पोरगा आहे आणि त्याचा गुडघा धड नाही. तू आलास तर तुझ्याभोवती टीम बांधतो. नाही आलास तर जिम जाते, मी जातो. मी अजिजीने सांगतोय."

एमरीने आईकडे बघितलं. मग दोन वर्षांत पहिल्यांदा तो सलग बोलला. "सर, बास्केटबॉल बाबांना आवडायचा. मला आवडत नाही."

"मग मी इतक्यांदा घरी आलो, तेव्हा का नाही बोललास?"

"तुम्ही विचारलं नाहीत, सर. आणि तुम्ही एवढ्या बर्फातून यायचात. नाही म्हणायला मला वाईट वाटायचं."

लोवेलला आठवून बघूनही काही सापडेना. त्याने उंची विचारली होती, बुटाचं माप विचारलं होतं, दूध किती पितो ते विचारलं होतं.

ट्वेट खाकरला. "एमरी, तुझा सगळ्यात खालचा सूर कुठवर जातो?"

"रोल्फ," लोवेल म्हणाला, "माझ्या टेबलावर?"

"हॉटडिश गार होतोय," मर्ना म्हणाली आणि सगळे मुकाट्याने जेवले. गवयांनी दोनदा वाढून घेतलं.

मेमध्ये अध्यक्षबाईंनी लोवेलचा हात हातात घेऊन अभिनंदन केलं. वृंदात आलेल्या एमरीसारखा आवाज कॉलेजला पूर्वी मिळाला नव्हता आणि तो लोवेलने आणला, असं त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या. बास्केटबॉलची टीम बंद झाली. बेनी गुडघा बरा होताच निघून गेला. वृंदाला उभं राहायला जिममध्ये लाकडी पायऱ्या हव्या होत्या आणि किल्ल्या लोवेलकडे होत्या, म्हणून ते काम त्याला मिळालं. ट्वेटने छप्पर महिनाभरात नीट करून घेतलं.

"निदान तू आणलेला एक पोरगा तरी चार वर्षं टिकेल," मर्ना म्हणाली. ती समजूत घालत होती, पण लोवेलला ते झोंबलं.

सप्टेंबरात ट्वेट म्हणाला, त्या बास्केटच्या जाळ्यांकडे पोरांचं लक्ष जातं, काढून टाक. लोवेल शिडी आणायला निघाला, तेवढ्यात मागून एमरी आला.

"शिडी कशाला, सर?"

तो एका पायरीवर चढला, टाचा उचलल्या आणि दोन्ही हातांनी जाळीचा एकेक फास सावकाश सोडवला. मोठी स्पर्धा जिंकली की टीम कोचला शिडीवर चढवते, जाळी कापायला लावते, ती गळ्यात घालून फोटो काढते. लोवेलने तीस वर्षांत एकही जाळी कापली नव्हती.

"घ्या, सर," एमरी म्हणाला.

लोवेलने ती कोटाच्या खिशात घालून घरी नेली. मर्नाने दोनदा धुतली, खाली गाठ मारली आणि कांदे भरून तळघरात टांगली. छान हवा लागते म्हणाली.